कागद आणि कसब

राहुरी सोडून नगर-मनमाड रस्त्याने थोडे पुढे गेले की दोन्ही बाजूंना लहानलहान गॅरेजे लागतात. वर पत्र्याचे छप्पर, पुढे ऑइल पिऊन दगडासारखी झालेली जमीन, जुन्या टायरवर रंगवलेली पाटी, आणि उसाचा हंगाम असला तर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. माझ्या ओळखीच्या या मंडळींपैकी फारच थोड्यांजवळ त्यांच्या कामाचे प्रमाणपत्र आहे. ज्याच्या हाती आपण आपली गाडी, म्हणजे पर्यायाने आपला आणि आपल्या मुलाबाळांचा जीव सोपवतो, त्याला ते काम येते हे आपल्याला कळते तरी कसे? बहुधा कोणीतरी सांगितलेले असते, "त्याच्याकडे न्या, हात चांगला आहे." एवढेच. आणि इतकी वर्षे एवढे पुरतही होते.

ते आता पुरेनासे झाले आहे. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक मिस्त्री माझ्याकडे आले तेव्हा हे मला प्रथम नीट उमगले. वय पंचावन्नच्या पुढे, शिक्षण सातवी. तेराव्या वर्षी नगरला एका उस्तादाच्या हाताखाली पाने पुसायला लागलेला हा माणूस. त्यांनी हात धुतले होते तरी नखांतले ग्रीस गेले नव्हते. खुर्चीच्या कडेवर टेकत ते म्हणाले, "फादर, एक कागद पायजे होता."

हकीकत अशी होती. बऱ्याच गाड्या बाळगणारी एक संस्था वर्षभराच्या दुरुस्तीचे काम देणार होती. अर्जात "तांत्रिक शैक्षणिक पात्रता" असा एक रकाना होता. मिस्त्रींनी त्या संस्थेच्या गाड्या वर्षानुवर्षे सुट्या सुट्या कामांसाठी दुरुस्त केल्या होत्या. पण त्या रकान्यात लिहायला त्यांच्याजवळ काही नव्हते. मग कोणीतरी वाट दाखवली. काही हजार रुपये भरले की घरबसल्या प्रमाणपत्र मिळेल, वर्ग नाही, परीक्षा नाही. फक्त एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या कार्यशाळेत काही वर्षे काम केल्याचे पत्र जोडावे लागेल. ते पत्र मी धर्मग्रामाच्या कागदावर द्यावे, १९९८ ते २००४ या काळात ते मिशनच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होते असे लिहावे, एवढीच त्यांची विनंती होती.

मिशनचे गॅरेज कधीच नव्हते. मिशनची एक जुनी जीप होती, आणि ती हे मिस्त्री दुरुस्त करीत.

त्या जीपची एक आठवण सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. मी नुकताच दीक्षित होऊन याच भागात सहायक धर्मगुरू म्हणून आलो होतो. मुळा धरणाच्या पलीकडच्या एका वस्तीवरून रात्री निरोप आला, म्हातारबाबा अत्यवस्थ आहेत, आजाऱ्यांच्या संस्कारासाठी या. जीप मिस्त्रींच्या दारात होती. मी धावत गेलो. त्यांनी किल्ली काढली, स्वतःच्या खिशात टाकली आणि शांतपणे म्हणाले, "फादर, ही गाडी जायची नाही. मास्टर सिलिंडर गळतोय, पेडल खाली बसतंय. एकदा ब्रेक लागंल, दुसऱ्यांदा लागंल का नाही सांगता येत नाही." मी रागावलो. एक माणूस मरणपंथाला लागला आहे, तुम्हाला सिलिंडर सुचतो, असे काहीसे बोललोही. ते काही बोलले नाहीत. त्यांनी आपली एम-८० बाहेर काढली, मला मागे बसवले आणि चिखलातून त्या वस्तीपर्यंत नेले. म्हातारबाबा शुद्धीवर होते. परतताना मला माझ्या बोलण्याची लाज वाटली, आणि तेही मी बोललो नाही.

तेव्हा या माणसाच्या कसबाविषयी मला कोणत्या प्रमाणपत्राची गरज होती? पुष्कळ प्रमाणपत्रधारकांना जे शिकवूनही येत नाही ते त्यांना येत होते: गाडी आपल्या हातून सोडायची नाही हे कधी, ते त्यांना कळत होते. तरीही त्या संध्याकाळी माझी लेखणी चालेना. मी त्यांना दोन दिवसांनी या असे सांगितले. त्या दोन दिवसांत आणि त्यानंतरही जे विचार मनात आले ते वाचकांपुढे ठेवावेत असे वाटते; कारण असे कागद मागणारी माणसे केवळ माझ्याच दाराशी येत नाहीत.

पहिला प्रश्न असा की, कागद मुळात लागतो कशासाठी? आपल्या खेड्यांत लोहार होता, सुतार होता. त्यांना कोणी प्रमाणपत्र विचारले नाही. विचारण्याचे कारणच नव्हते. ज्याने नांगराचा फाळ शेवटला तो आणि ज्याने तो नांगर धरला तो, दोघे एकाच गावात राहत. फाळ मोडला तर दुसऱ्या दिवशी सकाळी लोहाराच्या भात्यापुढे जाऊन त्याला चार शब्द ऐकवता येत. गाडीचे तसे नाही. मनमाडकडून येणारा एखादा मालट्रक राहुरीला थांबतो, ब्रेकचे काम करून घेतो आणि निघून जातो. ते काम कच्चे राहिले असेल तर त्याचे फळ कोणाला भोगावे लागेल? करंजी घाटातून मोटारसायकलवर बायकामुलाला घेऊन येणाऱ्या एखाद्या माणसाला, ज्याने राहुरीचे ते गॅरेज आणि तो मिस्त्री जन्मात पाहिला नाही. या अनोळखी माणसाला समाजाने दिलेला शब्द म्हणजे प्रमाणपत्र. तो सौदा दुरुस्ती करणारा आणि पैसे मोजणारा या दोघांतला नाही. त्यात एक तिसरा आहे, आणि तो तिथे हजर नाही.

आपल्या कायद्याचा मात्र येथे एक विचित्रपणा आहे. घरात विजेच्या तारा ओढणाऱ्याला तारतंत्रीचा परवाना लागतो. गाडी चालवणाऱ्याला परवाना लागतो. त्या गाडीचा ब्रेक उघडून पुन्हा बसवणाऱ्याला कोणताही परवाना लागत नाही. याचे मला नवल वाटते. पण उद्या असा परवाना सक्तीचा झाला तर आमच्या रस्त्यावरच्या किती चुली विझतील याचा विचार आला की ते नवल मी गिळून टाकतो.

दुसरी गोष्ट आपल्या समाजापुरती आहे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. कागदाला नाके मुरडणे सोपे आहे. "कागदात काय आहे, कसब हातात असते," असे सुशिक्षित माणसे मोठ्या रसिकतेने म्हणतात. परंतु शासनाने १९५० साली कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू केली, १९५६ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय परिषद नेमली, १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला, आणि पुढे जिल्ह्या-तालुक्यांत आयटीआय उघडल्या, तेव्हा आपल्यातील पुष्कळ घरांत काय घडले ते आठवून पाहा. ज्यांच्या आजोबांच्या हाती गावाने येसकराची काठी तेवढी दिली होती, त्यांच्या नातवाच्या हाती एक शिक्क्याचा कागद आला. त्यावर त्याचे नाव होते आणि पुढे लिहिले होते, मोटार मेकॅनिक, दोन वर्षे, उत्तीर्ण. त्याचा बाप कोण, त्याची वस्ती गावाच्या कोणत्या बाजूला, याविषयी त्या कागदावर एक अक्षरही नव्हते. तो कागद घेऊन मुलगा पुण्याला, पिंपरीला गेला आणि त्याला नोकरी लागली. अशा कागदाची फ्रेम करून ती पवित्र कुटुंबाच्या तसबिरीशेजारी लावलेली मी एकाहून अधिक घरांत पाहिली आहे. त्यात मला कधीच काही गैर वाटले नाही.

उलट, उस्तादाच्या हाताखालचे शिक्षणही काही गुरुकुल नव्हते. आमचे मिस्त्रीच सांगतात की पहिली तीन वर्षे पगार नव्हता, दुपारचे जेवण होते. आणि चुकीचा पाना पुढे केला तर तोच पाना बोटांवर बसे. उस्तादाने मनात आणले तर शिकवायचे, नाही तर कार्बोरेटर उघडताना मुद्दाम पाठ फिरवून बसायचे. कसब कोणाला द्यायचे आणि कोणापासून लपवायचे हे एका माणसाच्या मर्जीवर होते. आयटीआयने ती मर्जी मोडली. तेथे फळ्यावर लिहिलेले सर्वांना दिसते.

पण फळ्यावर जे लिहिले आहे तेच खोटे झाले तर काय करायचे? सध्याच्या सगळ्या खटाटोपाचे मूळ येथे आहे. आपल्या नगरच्या माणसाला हे समजावून सांगायला दूर जावे लागत नाही. १९७२ साली कायनेटिकची लुना आली ती आपल्या नगरची. ५० सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे, बंद पडली तर प्लग काढायचा, पुसायचा, आणि तरी चालली नाही तर पायडल मारीत घरी यायचे. या जिल्ह्यातील किती मुलांनी आपले पहिले इंजिन म्हणून लुनाच उघडली असेल! २०२४ साली त्याच घराण्यातील कंपनीने त्याच नावाची ई-लुना आणली. आकार ओळखीचा, नाव ओळखीचे. पण आत प्लग नाही, कार्बोरेटर नाही, सायलेन्सर नाही. बॅटरी, मोटर आणि कंट्रोलर. जुन्या लुनाच्या मिस्त्रीला तिच्यात उघडण्यासारखे फारसे काही सापडत नाही. चारचाकी विजेच्या गाड्यांत तर शेकडो व्होल्टचा प्रवाह असतो, आणि एकदिश प्रवाहात ६० व्होल्टच्या वरचे सारे धोक्याचे मानतात. तेथे चुकीच्या तारेला हात लागला तर बोटांवर पाना बसण्याइतकी स्वस्त शिक्षा होत नाही.

पेट्रोलच्या गाड्याही पूर्वीच्या राहिल्या नाहीत. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज सहाचे नियम आले. पाचवी पायरी वगळून चौथ्यावरून थेट सहाव्या पायरीवर उडी मारली गेली. नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टर आणि सेन्सर आले. दोष कानाने ऐकायचा नाही, स्कॅनर लावून वाचायचा. अशा दिवसांत आयटीआयमधील मुलाला दोन वर्षे पॉइंट आणि कंडेन्सर यांचीच उजळणी करायला लावणे ही त्याच्या तारुण्याची चोरी आहे असे मी म्हणेन. म्हणून अभ्यासक्रमांचे पुनरावलोकन व्हावे, जुनी पात्रता जाऊन नवी यावी, याला कोणाचाही नैतिक आक्षेप असण्याचे कारण नाही. न बदलणे हाच अप्रामाणिकपणा ठरेल.

आणि बदल झालेही आहेत, इतके की डोके गरगरावे. २०१३ च्या डिसेंबरात राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला, त्यात सर्व शिक्षणाच्या दहा पातळ्या आखल्या. त्याच वर्षी आयटीआयमध्ये सत्र पद्धत आली, २०१८ साली ती जाऊन पुन्हा वार्षिक परीक्षा आली. जुन्या परिषदेच्या जागी २०१८ मध्येच नव्या परिषदेची अधिसूचना निघाली आणि २०२० च्या ऑगस्टपासून तिचे काम सुरू झाले. २०२३ मध्ये दहा पातळ्यांच्या आठ झाल्या. मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आधी पाचव्या पातळीवर होता, तो पुढे चौथ्या पातळीवर दाखवला जाऊ लागला. जाणकार म्हणतात की हा केवळ मापाचा फरक आहे, मुलाचे कसब काही कमी झालेले नाही. मला ते पटते. परंतु भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहणाऱ्या बापाला ते कोणी समजावून सांगितले आहे काय?

येथे एक नाजूक प्रश्न येतो. हे ठरवताना विचार कोणाचा घेतला जातो? वाहन व्यवसायासाठी जी कौशल्य विकास परिषद आहे ती गाड्या बनवणारे, सुटे भाग बनवणारे आणि गाड्या विकणारे अशा तिघांच्या संघटनांनी शासनाच्या साहाय्याने उभी केली. त्यांचे ज्ञान मोठे आहे, त्यांच्यावाचून हे काम होणार नाही. तरी कंपनीच्या काचेच्या सर्व्हिस सेंटरमध्ये येणारी गाडी आणि तीच गाडी आठ वर्षांनी, तिसऱ्या मालकाच्या हाती, निंबाच्या झाडाखाली येते तेव्हाची, या दोन निराळ्या गाड्या असतात. त्या दुसऱ्या गाडीचे वैद्यक ज्याला कळते तो त्या बैठकीत नसतो. त्याला कोणी मुद्दाम वगळले असे मी म्हणत नाही. त्याची संघटना नाही, त्याचे पत्र्याचे शेड आहे.

दुसऱ्या देशांनी काय केले ते थोडक्यात पाहू. जर्मनीत मोटारीचा यंत्र-कारागीर आणि मोटारीचा वीज-कारागीर असे दोन वेगळे व्यवसाय होते. २००३ साली त्यांनी दोन्ही एकत्र करून एकच नवा व्यवसाय केला. कारण गाडीत यंत्र कोठे संपते आणि वीज कोठे सुरू होते हे आता सांगता येत नाही. आपल्याकडे कल उलटा दिसतो. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाशेजारी काहीशे तासांचे तुकडे निघाले, दुचाकीचा एक, चारचाकीचा दुसरा, मदतनीसाचा तिसरा. लवकर पोटाला लागण्यासाठी ते बरेच आहेत, पण त्यांतून एक पूर्ण मिस्त्री तयार होईल असे मला वाटत नाही. जर्मनीतील दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. तेथे स्वतःचे गॅरेज चालवायचे तर 'माइस्टर' ही वरची पात्रता लागते. असे असूनही २००४ पासून तेथील कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे: पहिली परीक्षा झालेल्या कारागिराने सहा वर्षे काम केले असेल आणि त्यांतील चार वर्षे जबाबदारीच्या जागेवर काढली असतील, तर 'माइस्टर' नसतानाही त्याला परवानगी मिळू शकते. कडक नियम करणाऱ्यांनीच अनुभवासाठी रीतसर वाट ठेवली आहे, आणि ती मागच्या दाराने जात नाही.

आम्हा धर्मगुरूंना ही गोष्ट परकी वाटू नये. दीक्षा एकदा मिळाली की ती आयुष्यभराची, तिचा ठसा पुसला जात नाही. परंतु पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार दीक्षेबरोबर आपोआप वापरता येत नाही, तो वेगळा द्यावा लागतो. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ९७० वा नियम सांगतो की, परीक्षेने जो योग्य ठरला किंवा ज्याची योग्यता अन्य मार्गाने दिसून आली, अशाच धर्मगुरूला तो अधिकार द्यावा. सेमिनरीत आमची ती परीक्षा झाली तेव्हाची छातीतील धडधड मला आजही आठवते. समोर बसलेले वृद्ध प्राध्यापक पश्चात्तापी होऊन एकेक अवघड प्रसंग सांगत होते आणि मी घाम पुशीत उत्तरे देत होतो. त्या वेळी ती मला छळणूक वाटली. आता कळते की त्या जाळीपलीकडे येऊन गुडघे टेकणाऱ्या अनोळखी माणसासाठी ती परीक्षा होती. आणखी चार नियम पुढे गेले की तीच संहिता सांगते, असा कायमस्वरूपी दिलेला अधिकार गंभीर कारणावाचून काढून घेऊ नये.

त्या दोन दिवसांत ही दोन कलमे मी पुन्हा काढून वाचली. मेकॅनिकच्या कागदाविषयी मला जे हवे होते ते तेथे सापडले. योग्यता तपासलीच पाहिजे. पण ती तपासण्याचा मार्ग एकच असला पाहिजे असे नाही. आणि ज्याला एकदा योग्य म्हटले, त्याला केवळ नमुना बदलला म्हणून अयोग्य म्हणू नये.

मग दयेपोटी खोटे पत्र दिले तर काय बिघडते? मी प्रामाणिकपणे सांगतो, हा मोह लहान नव्हता. एका गरीब माणसाचे वर्षभराचे काम, आणि माझे चार ओळींचे पत्र! शिवाय त्याला काम येतेच. खोटे असेल ते तारखेपुरते. पण त्या पत्राच्या पुढचा रस्ता पाहू लागलो तेव्हा दिसले की ते पत्र एकट्या मिस्त्रींच्या हाती राहत नाही. ज्या दुकानात ते विकले जाते तेथे त्यांच्या मागे दुसरा उभा असतो, आणि त्या दुसऱ्याला ब्रेकमधले काही येत नाही. दोघांनाही सारखाच कागद मिळतो. म्हणजे ज्या कागदाने मिस्त्रींचे कसब जगाला दिसायला हवे, त्यानेच ते त्या अडाण्याच्या बरोबरीला बसवले. आमच्याच धर्मग्रामातील एक मुलगा सकाळी सातच्या एस.टी.ने दोन वर्षे आयटीआयला गेला; त्याची दोन वर्षेही त्या दुकानात काही हजारांना विकली गेली. आणि करंजी घाटातला तो मोटारसायकलवाला राहिलाच.

परमगुरुस्वामी जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमावर जे परिपत्रक काढले त्यात एक विचार मांडला आहे: कामाचे मोल प्रथम ते करणाऱ्या माणसावरून ठरते, कामाच्या प्रकारावरून नव्हे. हा विचार आपण बहुधा दयेच्या बाजूने वापरतो. गरीब आहे, चालवून घ्या. मला वाटते त्याचा रोख वेगळा आहे. माणसाला मान द्यायचा तर त्याचे काम खरोखर पाहावे लागते. न पाहता दिलेला शिक्का हा तुझे काम पाहण्याइतके तू मोठा नाहीस असे सांगणारा शिक्का आहे, मग तो कितीही प्रेमाने मारलेला असो.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आले. मी सांगितले, "मी पत्र देतो, पण मी पाहिले तेवढेच लिहीन." आणि लिहिले. अमुक वर्षांपासून ओळखतो, मिशनचे वाहन यांनी दुरुस्त केले, अमुक रात्री ब्रेक सदोष असल्याने त्यांनी वाहन देण्यास नकार दिला. मिस्त्रींनी पत्र वाचून घेतले. जीपची गोष्ट आली तेव्हा हसले. म्हणाले, "तुमच्या ध्यानात हाय का अजून?" मग जरा थांबून म्हणाले, "फादर, खरं सांगू का? तो विकतचा कागद मलाबी नको वाटत होता. माझी परीक्षा कोणी घेतली तर मी देतो ना. पेट्रोल-डिझेलचं काय बी इचारा. पण बॅटरीच्या गाडीचं मला येत नाही. येत नाही ते तरी कोणी सांगाया नको का? पोरं गाडी आणत्यात आन् मी हात लावायला भितो."

खरे तर अशी सोय कागदावर आहे. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत पूर्वानुभवाला मान्यता देण्याचा एक विभाग ठेवला गेला: अनुभवी कारागिराला थोडे मार्गदर्शन करायचे, मग त्याचे काम तपासून प्रमाणपत्र द्यायचे. कल्पना उत्तम आहे, ९७० व्या नियमातील "अन्य मार्गा"सारखीच. तिचे सारे यश मात्र तपासणाऱ्यावर अवलंबून आहे. तपासणारा एका दिवसात पन्नास जणांचे फोटो काढून गेला तर तो त्या विकतच्या दुकानाहून फारसा वेगळा राहत नाही. आणि त्याने मिस्त्रींना एक बंद पडलेली गाडी देऊन दोन तास शेजारी स्टूल टाकून बसायचे ठरवले, तर मिस्त्रींना काय येते आणि काय येत नाही ते दोघांनाही कळेल. अशी बसण्याची तयारी असलेली माणसे तयार करणे हे नवे अभ्यासक्रम छापण्याहून कठीण काम आहे. आयटीआयतून निवृत्त झालेले कितीतरी निदेशक आपल्या धर्मग्रामांतून आहेत. त्यांना हे काम कोणी विचारत नाही. आणि आपणही त्यांना फक्त सणाच्या मांडवाची वायरिंग पाहायला बोलावतो.

माझ्या पत्राचा संस्थेत उपयोग झाला नाही. अशा पत्रासाठी रकाना नव्हता. वर्षाचे काम दुसऱ्याला गेले. मिस्त्रींनी त्याबद्दल मला कधी बोल लावला नाही. त्यांच्या घरच्यांनी मात्र काही दिवस माझ्याशी बोलणे कमी केले, आणि त्यांचे काय चुकले असे मला म्हणता येणार नाही. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी त्यांना त्या वर्षी कर्ज काढावे लागले. माझा निर्णय बरोबर होता असे मला अजून वाटते. त्याची किंमत मी भरली नाही, हेही तितकेच खरे.

गेल्या पावसाळ्यापासून एक गोष्ट घडते आहे. तो सातच्या एस.टी.चा मुलगा आता पास होऊन एका शोरूममध्ये लागला आहे. रविवारी मिस्सा झाल्यावर तो आपले जुने पुस्तक आणि मल्टिमीटर घेऊन मिस्त्रींच्या शेडमध्ये जातो. मिस्त्री त्याच्याकडून व्होल्ट मोजायला आणि रबरी हातमोजे घातल्यावाचून जाड नारिंगी तारेला हात न लावायला शिकत आहेत. त्या बदल्यात ते त्याला डिझेल इंजिनापाशी उभे करतात आणि डोळे मिटून ऐकायला लावतात, कोणती बेअरिंग बोलायला लागली ते. एकदा मी सहज डोकावलो तर मुलगा चुकला होता आणि मिस्त्रींनी पाना उचलला होता, पण तो फक्त पुढे करून दाखवण्यासाठी.

परवा मी त्यांना सांगितले की पूर्वानुभवाच्या परीक्षेची चौकशी केली आहे, तारीख लागली की कळवतील. त्यांनी हातातले फडके खांद्यावर टाकले आणि विचारले, "फादर, ते साहेब हितं येत्याल का मला तिकडं जावं लागंल?" का, असे मी विचारल्यावर म्हणाले, "हितं आले तर बरं. हितं हत्यारं माझी असत्यात."